थांबा

मिहिर दारात येऊन उभा राहिला तेव्हा आमचा कूलर बंद होता. मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी ज्या घरातला कूलर बंद असतो त्या घरात एकतर वीज गेलेली असते, नाहीतर माणसं वेडी असतात. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. समोरच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या टेकवून ठेवल्या होत्या. डेरिक ड्रमवर, मी कीबोर्डवर, आणि मधल्या खोलीत आई शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून गप्प बसलेली. रेकॉर्डिंग चालू होतं.

मिहिरच्या ते लगेच लक्षात आलं. तो उंबऱ्यातच थांबला. त्यानं बॅग खाली ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत, डोळ्यांत उतरणारा घाम पुसायला हातही उचलला नाही. डेरिकच्या शेवटच्या झांजेचा आवाज पार विरून जाईपर्यंत तसाच उभा राहिला. मग मी बटण दाबलं आणि आतून आईनं विचारलं, "लावू का आता?"

"लाव."

कूलर धडधडत सुरू झाला. वाळ्याचा ओला वास खोलीत आला आणि पाठोपाठ आईची मशीनही चालू झाली. लग्नसराई होती, तिच्याकडे ब्लाउजांचा ढीग पडला होता, आणि माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगपायी तिचं काम अडत होतं.

"सात मात्रांवरून पाचवर गेलीस ठेक्यात," मिहिर म्हणाला. तीन वर्षांनी भेटल्यावरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"आवडलं?"

"डेरिक पडला कसा नाही?"

"पडलो ना," डेरिक टॉवेलनं मान पुसत म्हणाला. "सकाळपासून पडूनच राहिलो. तू उशिरा आला."

आम्हा तिघांचा कॉलेजात असताना एक बँड होता, 'लोहापूल' नावाचा. मिहिर धोटे गायचा आणि गिटार वाजवायचा. डेरिक अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समधला. चर्चमध्ये वाजवता वाजवता आमच्याकडे आलेला. आणि मी, रेणुका भिवापूरकर, चाली करणारी. गॅदरिंगं, गणपती, एकदा अमरावतीला स्पर्धा, एवढंच आमचं जग. माझ्या चाली लांब असायच्या. मध्येच ठेका बदलायचा, मध्येच सगळं थांबून भलतंच काही सुरू व्हायचं. मिहिर त्या कापायचा. "लोक उठून जातात, रेणू," म्हणायचा. त्याचं खोटं नव्हतं. त्यानं कापलेल्या गाण्यांना टाळ्या पडायच्या. मला मात्र त्या टाळ्यांमध्येसुद्धा कापलेला तुकडाच ऐकू यायचा.

मग तो मुंबईला गेला. सिमेंटच्या आणि केसांच्या तेलाच्या जाहिराती गाऊ लागला. बँड मोडला असं कुणी म्हटलं नाही. नुसतं कुणी तालमीला आलं नाही. मी एका शाळेत संगीत शिकवायला लागले आणि घरी आल्यावर माझं स्वतःचं काहीतरी करायला लागले. त्यात तो लांबलचक, वळणं घेणारा रॉक होता, आणि त्याच्या अंगाखांद्यावर अगदी साध्या, भाजी निवडताना गुणगुणता येतील अशा चाली होत्या. ठेक्याला कधी आईची शिलाई मशीन असायची, कधी कूलरचा पंप, आवाज संथ करून घेतलेला. मावशीनं एकदा विचारलं, "याला म्हणतात तरी काय?" मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत अजून." त्याचा अल्बम करायचा, आणि कव्हरवर एकटीचं नाव घालायचं, एवढं मी ठरवलं होतं.

अल्बममधला सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे 'थांबा'. रस्त्याकडेच्या एसटीच्या थांब्याचं गाणं. बराच वेळ नुसती वाद्यं, एकमेकांवर चढत जाणारी. मग सगळं एकदम गप्प होतं आणि एक आवाज येतो, एकटाच. त्याच्यानंतर वाद्यं परत येतात, पण आधीसारखी नाही. तो मधला आवाज माझ्याकडे नव्हता. माझा गळा खरखरीत; शाळेतल्या पोरांना सरगम द्यायला ठीक. म्हणून मिहिरला फोन केला. मामेबहिणीच्या लग्नाला तो नागपुरात येणारच होता. "येतो की," म्हणाला. त्याला फार आग्रह करावा लागला नाही, आणि हेच मला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

आईनं पन्हं आणून दिलं. मिहिर भिंतीला टेकून बसला आणि ग्लास गालाला लावून म्हणाला, "घर आहे तसंच आहे."

"काय बदलणार?" आई म्हणाली. "तू वाळला. खाऊ घालत नाही का कुणी तिथं?"

"मेस आहे, काकू."

"मेसचं काय खाणं. लग्नघरी तरी पोटभर खा."

आई आत गेली. मिहिर माझ्याकडे पाहून हसला. "निरोप द्यायलासुद्धा आली नव्हतीस तू. आठवतं? मी बसमध्ये बसून खिडकीतून बघत होतो."

"ब्लाउज होते आईचे," मी म्हटलं. "काजं करायची होती."

डेरिक ड्रम ताणायची कळ पिळत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

मिहिरला मी शब्द दिले. ते फार नव्हतेच.

*गाडी आली, धूळ बसली,*
*उतरलं नाही कुणी.*
*मी इथंच आहे म्हणून सांग,*
*विचारलंच तर कुणी.*

त्यानं ते वाचले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. "सूर कुठला, काळी चार की पाच?" त्यानं विचारलं.

"चार."

"मग बरं. 'कुणी'वर जरा वेळ राहता येईल."

आईला या वेळी सांगावं लागलं नाही. कूलर बंद झाल्याबरोबर तिनं मशीन थांबवली. डेरिक कॉम्प्युटरशी बसला. मिहिर मायक्रोफोनसमोर उभा राहिला, डोळे मिटले, आणि गायला.

तो फार सुंदर गायला. हे मी आजही कुणालाही सांगेन. मुंबईनं त्याच्या आवाजाला झिलई दिली होती, पण तळाशी तो जुना, किंचित भरून येणारा मिहिर होता. 'सांग' हा शब्द त्यानं असा खाली सोडला की माझ्या मानेवर काटा आला, त्या उकाड्यात. संपलं तरी आम्ही कुणी हललो नाही. आतून आईसुद्धा काही म्हणाली नाही.

"अजून एक घेऊ?" मिहिरनं विचारलं.

"नको," डेरिक म्हणाला. "याच्यापेक्षा चांगलं होत नसते."

मग काय झालं कुणास ठाऊक, मिहिरनं कोपऱ्यातली माझी जुनी गिटार उचलली आणि आमचं कॉलेजातलं एक गाणं धरलं. डेरिक ड्रमवर गेला. मी वाजवू लागले. कुणी काही रेकॉर्ड करत नव्हतं. कूलर चालू होता, मशीन चालू होती, दारात एक बाई ब्लाउज न्यायला आली होती ती तशीच ऐकत उभी राहिली. मिहिर माझ्याकडे बघून भुवया उडवायचा, म्हणजे आता पुढच्या ओळीला जायचं, आणि मी जायचे. माझी बोटं ते विसरली नव्हती. तीन वर्षं मी ज्या गोष्टीशिवाय राहायला शिकत होते ती माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून गात होती.

ऊन कललं तेव्हा डेरिक घरी गेला. आम्ही दोघं अंगणात पाणी मारलेल्या फरशीवर बसलो.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मुंबईत माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, कॅसेट कंपनीत. त्यांना मराठी बँड हवाय. मी त्याला लोहापूलबद्दल सांगितलंय."

"लोहापूल कुठं आहे आता?"

"आज दुपारी होता की." तो हसला. मग गंभीर झाला. "हे तू जे करते आहेस ते चांगलं आहे, रेणू. खरंच चांगलं आहे. पण असं एकटीचं कोण ऐकणार? 'थांबा'ची चार गाणी होतील. मधलं मी गायलेलं आधी घ्यायचं. बाकीच्या गाण्यांवर पण माझा आवाज टाकू. वर नाव बँडचं. चाली तुझ्याच राहतील."

मी ओल्या फरशीवर बोटानं रेघ ओढत राहिले.

"मी परत येतो," तो म्हणाला. "कंटाळलो मी तिथं. लोकांच्या तेलासाठी गायचं आणि खोलीवर जाऊन झोपायचं. पावसाळाभर इथं राहतो. रोज येत जाईन, पूर्वीसारखा. काकूंच्या हातचं खाईन."

रोज येत जाईन. हे वाक्य त्यानं इतक्या सहज टाकलं की त्याच्या वजनाचा त्याला पत्ताही नसावा. समोरच्या घरातल्या पोरी दोरीवरचे कपडे काढत होत्या. मला वाटलं आत्ता 'हो' म्हणून टाकावं, म्हणजे हा विषय संपेल आणि आम्ही नुसते बसून राहू.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

"उद्या दुपारी हळद लागली की येतो. परवा संध्याकाळची गाडी आहे, पण तुझं कळलं म्हणजे त्या कंपनीवाल्याला फोन करेन." तो उठला, रुमाल झटकला. "विचार कसला करायचा त्यात, पण कर."

सकाळी उठल्याबरोबर मी हेडफोन लावून 'थांबा' ऐकायला बसले. वाद्यं चढत गेली, गप्प झाली, मिहिरचा आवाज आला. सुंदर होता. कालपेक्षाही सुंदर वाटला. वाद्यं परत आली आणि मला काही वाटलंच नाही. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. जेवायला बसावं, पान छान वाढलेलं असावं, आणि भूकच नसावी, तसं. ठेका तपासला, आवाजाची पातळी वरखाली करून पाहिली. चूक कुठंच नव्हती.

डेरिक आला तेव्हा मी मिहिरनं सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. तो स्टुलावर बसून ऐकत राहिला.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय. मी कोणत्याही बँडमध्ये वाजवतो. मिहिरसोबत मजा येते." त्यानं चहा संपवला. "तुला काय पाहिजे ते बोल."

"मला कळत नाहीये. इतकं चांगलं गायलाय तो आणि गाणं उभंच राहत नाही. का?"

डेरिक कप खाली ठेवून म्हणाला, "रागावू नको. तो गेला त्या दिवशी मी त्याला सोडायला स्टँडवर गेलो होतो. तू आली होतीस."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"पाणपोईच्या मागं उभी होतीस. पिवळी ओढणी तोंडाला बांधून. मला वाटलं आता येईल, आता येईल. बस सुटली तरी तू आली नाहीस. मी मिहिरला बोललो नाही. तुलाही आजपर्यंत बोललो नाही. बोलून काय करायचं होतं?"

आत आईची मशीन थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"मला गाण्यातलं तुझ्याएवढं कळत नाही," डेरिक म्हणाला. "पण ज्याची वाट पाहून राहिली गाण्यातली ती बाई, तोच तिथं उभा राहून गाऊन राहिला. मग वाट कोण पाहील?"

मी उठून खिडकीतली गादी उगीच नीट केली. खाली सरकली नव्हती तरी.

डेरिकनं विचारलं, "तू त्याला सांगितलंच नाही कधी?"

"नाही."

"आता सांग ना. येऊन राहिला ना तो परत. सांग आणि मोकळी हो."

मी खरंच विचार केला. सांगितलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर ते मी सोसलं असतं. तो हो म्हणाला असता तर? तो रोज आला असता. आईनं त्याला वाढलं असतं. त्यानं भुवया उडवल्या असत्या आणि मी पुढच्या ओळीला गेले असते, आनंदानं गेले असते, आणि 'थांबा'ची चार गाणी झाली असती. त्यातलं कुठलं गाणं कुठं कापायचं हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकले असते. मला तो हवा होता. मला हेही हवं होतं, हे लांबलचक, ज्याला अजून नाव नव्हतं ते. एकाच पावसाळ्यात ही दोन्ही माझ्याकडे राहिली नसती, एवढं मला माझ्याबद्दल माहीत होतं.

"कूलर बंद कर," मी डेरिकला म्हटलं.

"कोण गाणार?"

"मी."

आई आतून बाहेर डोकावली. माझा चेहरा पाहून तिनं हातातला कपडा खाली ठेवला आणि मशीनजवळ न जाता दारातच पायरीवर बसली.

मी गायले. 'कुणी'वर मला मिहिरसारखं थांबता आलं नाही. श्वास पुरला नाही, शब्द मध्येच खरखरला आणि तुटला. पुढची ओळ जरा उशिरा उचलली. संपल्यावर डेरिकनं हेडफोन काढले.

"दुसऱ्या ओळीत घसरली तू."

"राहू दे."

"ऐकायचं?"

आम्ही ऐकलं. तो तुटलेला शब्द आला, त्याच्यामागे थोडी शांतता आली, आणि वाद्यं परत आली तेव्हा डेरिक स्टुलावरून उठून उभा राहिला. आईनं पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि ती म्हणाली, "याच्यात मला झोप नाही येणार." तिच्या भाषेत ही दाद होती.

मिहिर दुपारी आला. कपाळाला हळद होती, ती पुसायची राहून गेली होती. मी त्याला बसवलं आणि माझ्या आवाजातलं 'थांबा' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवलं. मधलं सुरू झालं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहत होते.

"सूर खाली आहे जरा," संपल्यावर तो म्हणाला.

"हो."

"मी काय वाईट गायलो?"

"तू फार चांगला गायलास, मिहिर."

"मग?"

"तुझ्या गाण्यावर टाळ्या पडतील. मला तिथं टाळी नकोय."

"आणि लोहापूल?"

"नाही. हे माझं एकटीचं आहे. असंच लांब राहील."

"मी परत येतो म्हणालो होतो, रेणू," तो म्हणाला. "तू ऐकलंस ना ते?"

"ऐकलं."

यापुढे तो आणखी एक प्रश्न विचारेल असं मला वाटलं. विचारला असता तर मी खोटं बोलले नसते. पण तो उठला, त्यानं आतल्या दाराशी जाऊन आईला वाकून नमस्कार केला, डेरिकच्या खांद्यावर थाप मारली, आणि दुपट्टा डोक्याला गुंडाळून उन्हात निघून गेला. मी दारात उभी होते. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि त्याच्या चपला प्रत्येक पावलाला चिकटून सुटत होत्या. तो वळणावर दिसेनासा झाला तरी मी तिथंच होते.

"दार लाव," आई म्हणाली. "कूलरची सगळी हवा चालली." थोड्या वेळानं तिनं स्वतःच उठून माझ्या मागून हात घालून दार लावलं, आणि तो हात क्षणभर माझ्या पाठीवर राहू दिला.

अल्बम दिवाळीच्या सुमारास निघाला. 'उन्हाळी' नाव ठेवलं. कव्हरवर माझं एकटीचं नाव होतं आणि आत, वाद्यांच्या यादीत, 'शिलाई मशीन' म्हणून आईचं. ती ते नाव शेजारपाजारी दाखवत फिरली. फार लोकांनी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला त्यांतले काही उठून गेले असतील. पण चंद्रपूरच्या कॉलेजातल्या दोन मुली एकदा पत्ता शोधत घरी आल्या, अंगणात बसल्या आणि 'थांबा'तली सात-पाचची वळणं तोंडानं म्हणून दाखवून, "हे कसं सुचलं?" असं विचारत राहिल्या. त्या गेल्यावर मी आत जाऊन रडले. दुःखानं नाही.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी आणखी अल्बम केले, पण लोक अजूनही त्या पहिल्याच अल्बमचं नाव काढतात.

मिहिरचा फोन आला तो 'उन्हाळी' निघाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी. मधल्या काळात आम्ही बोललो नव्हतो. डेरिकनं त्याला सीडी पाठवली होती आणि ती त्यानं कितीतरी दिवस लावलीच नव्हती, असं त्यानं स्वतःच सांगितलं.

"परवा लावली," तो म्हणाला. "तू बरोबर होतीस. मी त्या जागी असतो तर बिघडलं असतं."

"तसं नाही."

"तसंच आहे. मी गातो तेव्हा छान वाटतं. तू गातेस तेव्हा वाटतं, तिथं जाऊन त्या बाईशेजारी बसावं." तो थांबला. त्याच्या मागे मुंबईची रहदारी ऐकू येत होती. "एक विचारू? त्या दिवशीच विचारायचं होतं. हिंमत झाली नाही."

"विचार."

"ती कुणाची वाट बघते? म्हणजे, तू. कुणी होतं का?"

मी खुर्चीवर बसले. आई अंगणात पापड वाळत घालत होती.

"होतं एक जण," मी म्हटलं.

"नागपुरात असतो?"

"नाही. आता नाही."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

मग तो अगदी हळू, गाताना खाली सोडायचा तशा आवाजात म्हणाला, "सांग त्याला, रेणू. माझ्यासाठी कुणी असं गायलं असतं आणि मला कळलंच नसतं तर... सांग. फोन कर त्याला."

"करते," मी म्हटलं.

मी फोन कानाशी तसाच धरून बसले. त्यानंही लगेच ठेवला नाही.